पोटावरची चील

श्रावण सरता सरता गुलबर्ग्याच्या बाजारात मुगाच्या हिरव्या शेंगांचे ढीग लागतात, आणि नेमक्या त्याच आठवड्यात आमच्या कॉलेजात पिशवीवाल्या प्राण्यांचा धडा येतो. हा योग कुणी जुळवून आणला कोण जाणे. मला दोन्हींची किळस आहे. शेंगांचा तो ओला, कच्चा वास रस्त्यातच नाकात शिरतो आणि वर्गात जाऊन मी फळ्यावर कांगारू काढते. पहिल्या बाकावरच्या मुली हमखास म्हणतात, "अय्या मॅडम, किती गोड!"

गोड म्हणे! जन्मतं तेव्हा ते पिल्लू पावट्याच्या दाण्याएवढं असतं. उघडे डोळे नाहीत, अंगावर केस नाही, मागचे पाय म्हणजे नुसत्या दोन गाठी. गांडुळाच्या रंगाचा तो ओला दाणा पुढच्या पायांच्या नखांनी आईच्या केसांना धरत धरत वर सरकतो, पिशवीत उतरतो आणि एक आचळ तोंडात घेतो. आचळ त्याच्या तोंडातच फुगतं आणि पिल्लू तिथं अडकून पडतं. तिथंच पितं, तिथंच झोपतं, तिथंच हगतं-मुततं. आणि आई पिशवीत तोंड घालून ते सगळं जिभेनं चाटून साफ करते. दरवर्षी हे वाक्य आलं की मी खिडकीकडे तोंड करते. मुलींना वाटतं, मॅडम पाऊस बघतायत.

किळस हा माझा जन्मजात स्वभाव. दुधावरची साय मला चालत नाही, दुसऱ्याच्या तांब्यातलं पाणी घशाखाली उतरत नाही, बसमध्ये शेजारी कुणी ओली छत्री मिटून ठेवली तरी माझं अंग आखडतं. माय म्हणायची, "हिचं नाक सोन्याचं हाय बाई, कुटं बी ठिवता येत न्हाई." पण किळस दोन तऱ्हांची असते. हे मला कुठल्या पुस्तकानं सांगितलं नाही, मुगाच्या एका हंगामानं सांगितलं.

आळंद तालुक्यातलं, खजुरीच्या अलीकडचं आमचं गाव. मी सातवीत होते. म्हैसूर राज्याचं नाव बदलून कर्नाटक झालं होतं, पण शाळेच्या पाटीवर अजून म्हैसूरच होतं. शाळा मराठी, गुरुजी कानडी. माणूस भला होता, मराठी शिकवता शिकवताच शिकत होता. अडलं की कानडीचा शब्द घालायचा आणि पुढे जायचा. आम्हालाही त्याचं काही वाटत नसे. घरात मराठी, बाजारात कानडी आणि बांगडीवाल्या मामूशी दखनी, अशी आमची सगळ्यांची जीभ तीन ठिकाणी राबत असे.

एके दिवशी गुरुजींनी कांगारूचा धडा काढला. पुस्तकात चित्र नव्हतं. गुरुजी म्हणाले, "हे प्राणी लई दूर, समुद्राच्या पलीकडं असतंय. उड्या मारून चालतंय. मागं जायला येत न्हाई त्याला. आन् त्याच्या पोटावर चीला असतंय. आता चित्र काढा."

कानडीत चीला म्हणजे पिशवी. आमच्यात कानडी येणारे पुष्कळ होते, पण त्या दिवशी कुणाच्याच डोक्यात ती आली नाही. आमच्या डोक्यात आली ती दखनीतली चील. चील म्हणजे घार. चील-झपट्टा तर आम्ही रोज खेळायचो. झालं! वर्गभर पाट्यांवर उड्या मारणारे प्राणी उमटले आणि प्रत्येकाच्या पोटावर एकेक घार बसली. माझ्या घारीनं तर चोच उघडून कांगारूचं पोट टोकरायला घेतलं होतं. मला वाटलं, गरीब बिचारं जनावर, म्हणूनच उड्या मारत पळत असणार.

गुरुजी पाट्या बघत बघत माझ्यापाशी आले आणि हसता हसता त्यांना ठसका लागला. खुंटीवरची आपली भाकरीची पिशवी आणून त्यांनी वर धरली. "चीला! हे, हे चीला! पक्षी न्हाई गं!" पिशवीला कारळाच्या चटणीचा आणि शिळ्या ताकाचा वास येत होता. तेव्हापासून माझ्या डोक्यातल्या कांगारूलाही तोच वास येतो, आणि तो आजतागायत गेलेला नाही.

मुगाच्या दिवसांत निम्मी शाळा रानात असे. मीही दुपारी पाटी घरी टाकून मळ्यात जायची. माय मालकाच्या रानात मूग तोडायला जाई आणि माझं काम म्हणजे रांगत्या भावाला, बाळ्याला, सांभाळणं. त्या वर्षी मात्र माय म्हणाली, "आता तू बी चार शेंगा तोड. हात रिकामा ठिवून काय करायलीस?" आणि मला पहिल्यांदा वटी बांधली.

वटी म्हणजे जुन्या लुगड्याचा तुकडा कमरेला बांधायचा, खालची टोकं वर घेऊन खोचायची आणि पोटावर जी खोळ तयार होते त्यात शेंगा टाकत जायचं. ओटी भरतात ती हीच. आमच्या घरात धर्म बदलल्यापासून ओटी भरणं बंद झालं होतं, पण वटी राहिली होती, कारण तिच्याशिवाय मूग तोडता येत नाही.

मूग तोडणं लोकांना पुस्तकात छान वाटत असेल. मला विचारा. काळी माती पावसानं पिठल्यासारखी झालेली, ती पायाला धरते आणि पाऊल उचललं की चपलेएवढा गोळा बरोबर येतो. शेंगांवर मावा असतो, त्याचा चिकटा बोटांना बसतो आणि बोटं एकमेकांना चिकटतात. हिंगे नावाचे काळे-नारिंगी भुंगे फुलांवर बसलेले असतात. चुकून चिरडला तर कातडीवर फोड येतो. भिजून कुजलेल्या शेंगा हातात फुटतात, आतला दाणा मोड येऊन पांढरट, लिबलिबीत झालेला. वटी भिजते, लुगडं भिजतं, आणि बायकांच्या अंगाला घाम, चिखल आणि फाटलेल्या दुधाचा मिळून एक वास येतो. पहिल्याच दिवशी मी बांधावर जाऊन ओकले. शेजारच्या ओळीतली गोदाक्का हसून म्हणाली, "अगं, मुगाला कुनी ओकतंय व्हय? मूग तर आजारी मानसाला देतेत!"

गोदाक्का मराठ्यांची. दोन एकर कोरडवाहू रान तिच्या नवऱ्याला पुरत नव्हतं, म्हणून ती आमच्याबरोबर मजुरीला येई. तोंडानं फटकळ आणि हातानं चलाख.

पण मी ज्या किळसेचं सांगतेय ती ही नव्हे. मावा, हिंगे, चिखल हे सगळं धुतलं की जातं.

दिवस कलला की मालकाचा कारभारी बांधावर येऊन उभा राही. बायका आपापली वटी पोत्यात रिकामी करत आणि मग एकेक करून त्याच्यापुढून जात. कुणी शेंगा लपवल्या नाहीत ना, हे तो बघे. डोळ्यांनी बघितलं असतं तर गोष्ट वेगळी. तो हात घालायचा. खोळीच्या तळाशी हात नेऊन कोपरे चाचपायचा, कपड्यावरून पोट दाबून बघायचा आणि त्या वेळी नजर भलतीकडेच, बैल विकत घेणाऱ्यासारखी. बायका तोंड फिरवून उभ्या राहत. वटीच्या कोपऱ्यात एखादी शेंग अडकलेली सापडली की तिच्यावर सगळ्यांसमोर भाषण. आणि तोच कारभारी रोज संध्याकाळी मालकाच्या गाडीतलं एक पोतं आपल्या दारात उतरवून घेई, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी.

याहूनही घाण गोष्ट पुढे होती. त्याच्या पायाशी पाण्याची घागर असे. आम्ही पाणी मागितलं तर तो तांब्या उंच धरून वरून ओती, आमच्या ओंजळीला तांब्या लागू नये म्हणून. तोच हात वटीत मात्र कोपरापर्यंत जायचा. तिथं विटाळ नव्हता. आणि सगळ्या बायका तपासून झाल्या की तो घागरीतलं पाणी घेऊन हात धुवायचा. गोदाक्काची पाळी तो मुद्दाम आधी घेई, आमच्या बायकांची मागून, म्हणजे एकदाच धुतला की झालं. हे मला पहिल्या दिवशी कळलं नाही. कळलं त्या दिवशी मी घरी येऊन माझं पोट राखेनं घासलं, आणि माझ्या वटीला तर त्यानं अजून हातही लावला नव्हता.

माझं वय लहान, म्हणून मला तो "जा गं" म्हणून सोडून देत असे. माझ्यापुढची बाई त्याच्यापुढे थांबली की मी बाळ्याला कडेवर घेऊन धूम ठोकायची.

शाळेतली चिलीची गोष्ट मी ओळीत शेंगा तोडता तोडता सांगितली तेव्हा बायका वाकल्या वाकल्या हसल्या. गोदाक्कानं कमरेवर हात ठेवला आणि बांधाकडे बघत म्हणाली, "गुरुजीला काय कळतंय! पोटावर चील असतीयाच की. आपल्या समद्यांच्या पोटावर रोज सांजच्याला बसायलीय." त्या दिवसापासून कारभाऱ्याचं नाव चील पडलं. तो दुरून दिसला की कुणीतरी ओरडायचं, "चील आली गं, चील!" आणि तो मूर्ख मान वर करून आभाळात बघायचा. डोळ्यांवर हात धरून बराच वेळ बघायचा. एवढंच काय ते आमचं हसू.

गुरुजी इकडे धडा पुढे नेत होते. पिल्लू पिशवीत घाण करतं आणि आई ती चाटते, हे त्यांनी सांगितलं तेव्हा मला वर्गातच मळमळलं. त्याहून वाईट म्हणजे ते पुढे म्हणाले, मागे शिकारी कुत्री लागली आणि जीव जायची वेळ आली की आई पिशवीचं तोंड सैल सोडते. मोठं झालेलं पिल्लू खाली पडतं आणि ती निघून जाते. मला त्या जनावराचा इतका संताप आला की मी पाटीवरची आई पुसून टाकली आणि पिल्लू तेवढं ठेवलं.

घरी येताना मी मायला विचारलं, "माय, तुज्या मागं कुत्री लागली तर तू मला टाकून पळशील?"

"तू वटीत मावायलीस व्हय आता?" माय म्हणाली. तिच्या कडेवर बाळ्या, डोक्यावर जळण. थोडं पुढे गेल्यावर ती म्हणाली, "आन् कुत्री किती हायत त्यावर हाय ते."

हे उत्तर मला तेव्हा मुळीच आवडलं नाही.

कांगारूचा मुलूख आमच्या माळासारखाच आहे, हे मी पुढे शिकले. कोरडं गवत, काटेरी झुडपं, तापलेली माती. दिवसा ती जनावरं सावलीत माती उकरून गार जागी आडवी पडतात, उकाडा असह्य झाला की स्वतःच्या पुढच्या पायांना थुंकीनं चाटून ओलं करतात, आणि ऊन कललं की चरायला निघतात. नर शेपटीवर रेलून एकमेकांना लाथा घालतात. त्यांना पिशवी नसते. पाऊस नसला, चारा नसला, की मादीच्या पोटातला नवा जीव टाचणीच्या टोकाएवढाच राहून वाट बघतो. वाटलं तर वाढ, नाही तर थांब, अशी सोय तिच्या शरीरातच आहे. मायच्या शरीरात ती नव्हती. बाळ्या ऐन मुगात जन्मला होता आणि बाराव्या दिवशी ती शेंगा तोडायला गेली होती. कॅलेंडरावरच्या कांगारूकडे बघून 'गोड' म्हणणाऱ्यांचा मला राग येतो तो यासाठी. आई होण्यात फार थोडं गोड असतं. बाकी सगळं ओलं, आंबट आणि दमवणारं असतं.

मग एका संध्याकाळी, मी नेहमीसारखी निसटायला लागले तेव्हा कारभाऱ्यानं हाक मारली. "ए पोरी, थांब. तू बी आता बाईमानसाएवढं तोडायलीस की." मग मायकडे वळून म्हणाला, "उद्यापासून ही बी वटी दाखवील. नेम म्हंजी समद्यांस्नी नेम."

मायनं वटी सोडून खांद्यावर टाकली. फटकळ गोदाक्कानंही खाली बघत पायाचा चिखल खरवडायला घेतला, म्हणजे गोष्ट गंभीर. त्याचा तो हात, नखांत मुगाचा हिरवा मळ, मनगटावर काळा दोरा, उद्या माझ्या पोटाशी येणार होता आणि मग घागरीत धुतला जाणार होता. मी वाटभर रडले. "मी उद्या येनार न्हाई," म्हणाले. माय म्हणाली, "यायचं. उद्या न्हाई आलीस तर परवा बी येता येनार न्हाई." मला वाटलं, झालं, हिनं पिशवीचं तोंड सैल सोडलं.

दुसऱ्या दिवशी आभाळ दिवसभर गळत होतं. बाळ्याचं पोट बिघडलेलं. मुगाच्या दिवसांत ते बिघडलेलंच असे, माती खायचा. त्याची फडकी माय एरवी बाभळीच्या फांदीवर टाके आणि जाताना ओढ्यावर धुऊन नेई. त्या दिवशी तपासणीची वेळ झाली तशी तिनं वटी पोत्यात रिकामी केली, बाभळीपाशी गेली, दिवसभराची सगळी फडकी गोळा केली आणि नीट घडी न घालता, होती तशी, वटीत भरली. तोंड वर आवळून धरलं. मी नाक धरलं. तिचा चेहरा मात्र भाकरी थापताना असतो तसा होता.

"मी फुडं," ती गोदाक्काला म्हणाली, आणि आमच्या बायकांची पाळी मागून असते हा रिवाज मोडून सरळ जाऊन कारभाऱ्यापुढे उभी राहिली. तिची वटी फुगलेली बघून त्याचे डोळे चमकले.

"काय लपवायलीस गं?"

"लेकराचं हाय."

"लेकराचं!" तो हसला, सगळ्यांकडे बघून, आणि नेहमीसारखी नजर दुसरीकडे लावून हात घातला. चांगला कोपरापर्यंत घातला. कोपरे चाचपायला म्हणून मूठ वळली.

पुढे काय झालं ते मी एवढी किळस करणारी बाई असूनही आजवर अनेकदा आनंदानं आठवलं आहे. त्यानं हात बाहेर काढला आणि त्याच्याकडे बघतच राहिला. बोटांच्या फटींतून पिवळं ओघळत होतं. वास आम्हा सगळ्यांपर्यंत आला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. तो ओरडायला लागला, पण ओरडताना तोंड उघडावं लागतं आणि तोंड उघडलं की वास आत जातो. त्याला उमासा आला आणि तो बांधावर वाकला. हंगामभर बायकांच्या हात धुवून मागे लागलेला माणूस, त्या दिवशी नुसताच हात धूत बसला. घागर संपली तरी त्याचं समाधान होईना.

"मी सांगितलं व्हतं की, लेकराचं हाय म्हनून," माय म्हणाली. "तरी कामून हात घातलाव?"

पहिली हसली ती गोदाक्का. मग पोत्यांपाशी बसलेल्या म्हाताऱ्या. मग सगळ्याच.

मी हसले नाही, मला भीती वाटत होती. घरी जाताना मी म्हणाले, "माय, आता तो आपल्याला काढील कामावरून."

"मूग कोन तोडल मग? तो?" पाऊस पडला की शेंगा झाडावरच फुटतात आणि तोडणारे हात कमी पडतात, हे तिला माहीत होतं. तिनं दिवस नीट निवडला होता. ओढ्यावर ती फडकी खळाळून धूत होती, गुडघाभर पाण्यात, दोन्ही हातांनी.

"तुला किळस न्हाई आली?" मी काठावरून विचारलं.

"कशाची?"

"त्या घानीची. पोटाला बांधून हुबी व्हतीस."

मायनं फडकं पिळलं. "लेकराच्या घानीची कसली किळस गं. ती धुतली की जातीया." मग बाळ्याचं ढुंगण धुता धुता म्हणाली, "त्याच्या हाताची मातर यायची. रोज यायची."

कांगारूच्या पिशवीच्या तोंडाला स्नायूचं कडं असतं. आई ते आतून आवळते आणि पिशवी बंद होते. मुली हे वाक्य लिहून घेतात आणि परीक्षेत नेमकं विसरतात. मी मात्र तिथं क्षणभर थांबते. एवढा एकच भाग मी खिडकीकडे तोंड न करता शिकवते.

दुसऱ्या दिवशी तपासणी झाली, नाही असं नाही. नेम म्हणजे नेम. पण कारभारी हात पाठीमागे बांधून लांब उभा होता आणि बायकांनी आपापली वटी स्वतःच झाडून दाखवायची होती. त्या झाडत होत्या, जरा जास्तच जोरात, त्याच्या दिशेनं, आणि प्रत्येक झटक्याला तो एक पाऊल मागे सरकत होता. शेवटी माझी पाळी आली. माझी वटी रिकामीच होती, पण मी तिचं तोंड मुठीत घट्ट आवळून धरलं होतं.

"काय हाय गं वटीत?" त्यानं लांबूनच विचारलं.

मी मायकडे पाहिलं. ती बाळ्याला पाजत बसली होती, तिनं मान वर केली नाही.

"चील हाय," मी म्हणाले. "हात घालून बघताव व्हय?"

चील म्हटलं की तो माणूस रोज वर आभाळात बघायचा. त्या दिवशी त्यानं वर पाहिलं नाही, आपल्या हाताकडे पाहिलं.